बुडू शकणाऱ्या माशाचे घर

'मासा पाण्यात बुडून मरेल का?' हा प्रश्न एकदा वर्गात विचारून पाहा. बहुतेक मुले हसतील. पण जगात काही मासे असे आहेत की त्यांना पाण्याच्या पृष्ठभागावर येऊ दिले नाही, तर ते खरोखरच गुदमरून मरतात. फुप्फुसमीन, म्हणजे फुप्फुसे असलेला मासा, हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण.

शोभेच्या माशांच्या व्यापारात आफ्रिकी फुप्फुसमीन अधूनमधून विकला जातो. 'कसल्याही पाण्यात जगणारा चिवट मासा' अशी त्याची ख्याती आहे. ती अर्धीच खरी आहे. या माशासाठी पेटी उभारायची, तर नेहमीच्या मत्स्यपेटीचे बरेचसे नियम बदलावे लागतात. प्रत्येक बदलामागे त्याच्या शरीराचे एकेक कारण असते. ही कारणे समजून घेतली, तर मासा न पाळताही पुष्कळ जीवशास्त्र शिकता येते.

नागपूरच्या दक्षिणेचे दात

आधी या माशाची थोडी ओळख. आज फुप्फुसमिनाच्या फक्त सहा जाती उरल्या आहेत: आफ्रिकेत चार, दक्षिण अमेरिकेत एक आणि ऑस्ट्रेलियात एक. भारतात आज एकही नाही, पण पूर्वी होत्या. १८५९ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे थॉमस ओल्डहॅम यांनी नागपूरच्या दक्षिणेकडील मलेरी गावाजवळ (हे गाव आता तेलंगणात येते) सापडलेल्या काही जीवाश्म दातांचे वर्णन प्रसिद्ध केले. हे दात सेराटोडस नावाच्या माशाचे होते. त्यांतल्या एका जातीला नागपूरचे मिशनरी व हौशी भूवैज्ञानिक स्टीफन हिस्लॉप यांचे नाव दिले आहे. सेराटोडस तेव्हा फक्त दगडांतून माहीत होता. मग १८७० साली सिडनीच्या संग्रहालयातील गेरार्ड क्रेफ्ट यांनी क्वीन्सलँडमधल्या एका जिवंत माशाचे वर्णन केले. त्याचे दात थेट या जीवाश्मांशी जुळत होते!

जनुकांच्या अभ्यासातून आता दिसते, की आजच्या सर्व माशांमध्ये चार पायांच्या प्राण्यांना, म्हणजे बेडूक, पाल, गाय आणि आपण यांना, सर्वांत जवळचा नातलग फुप्फुसमीनच आहे. वंशवृक्षावर रोहूपेक्षा तो आपल्याला जवळचा आहे.

हवा कशासाठी?

एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात, ते हवेने पूर्ण संपृक्त असले तरी, जेमतेम ५ मिलिलिटर ऑक्सिजन विरघळलेला असतो. म्हणजे सुमारे चाळीसपट फरक! त्यातून पाणी साचलेले, गरम आणि कुजक्या पाल्याने भरलेले असेल, तर हे ५ मिलिलिटरही उरत नाहीत. पश्चिम आफ्रिकी फुप्फुसमीन (प्रोटोप्टेरस ॲनेक्टेन्स) नेमका अशाच उथळ, पूर आल्यावर भरणाऱ्या आणि उन्हाळ्यात आटणाऱ्या पाणथळींत राहतो. डोक्यावर भरपूर ऑक्सिजन असताना पाण्यातल्या तुटपुंज्या साठ्यावर कशाला अवलंबून राहायचे?

आफ्रिकी व दक्षिण अमेरिकी जातींना दोन फुप्फुसे असतात आणि त्यांचे कल्ले अगदी खुरटलेले असतात. पूर्ण वाढलेला आफ्रिकी फुप्फुसमीन आपला सुमारे ९० टक्के ऑक्सिजन हवेतून घेतो. कार्बन डायऑक्साइड मात्र तो बराचसा कल्ले व त्वचा यांतून पाण्यात सोडतो. ऑस्ट्रेलियन जातीचे मात्र वेगळे आहे. तिला एकच फुप्फुस असते आणि एरवी ती कल्ल्यांनीच श्वास घेते.

आपल्यासारखे श्वासपटल या माशाला नसते. तो तोंड पाण्याबाहेर काढून हवेचा घोट घेतो आणि तोंड मिटून ती फुप्फुसांत ढकलतो. बेडूकही असेच करतो.

पेटी कशी असावी?

पहिला नियम यातूनच निघतो. पेटी काठोकाठ भरायची नाही. पाण्याची पातळी आणि झाकण यांच्यामध्ये निदान १० ते १५ सेंटिमीटर मोकळी हवा हवी आणि झाकणाला वायुवीजनासाठी छिद्रे हवीत. मात्र झाकण घट्ट व वजनदार असले पाहिजे, कारण हा मासा दणकट असतो आणि फटीतून सापासारखा सरपटत बाहेर पडू शकतो. पृष्ठभागावर तेलकट साय किंवा तरंगत्या वनस्पतींचे दाट आच्छादनही नको.

दुसरा नियम: खोलीपेक्षा लांबी-रुंदी महत्त्वाची. हा मासा तळाशी राहतो, अंग वळवत हिंडतो आणि श्वासासाठी वर येतो. त्याला खोल पाण्याची गरज नसते. दुकानातले वीतभर पिल्लू पाहून फसू नये. ही जात एक मीटरपर्यंत वाढू शकते. प्रौढ माशासाठी साधारण १८० सेंटिमीटर लांब व ६० सेंटिमीटर रुंद पेटी आणि तीत ४० सेंटिमीटर पाणी धरा. आता मुलांना गणित घाला: १८० × ६० × ४० म्हणजे ४,३२,००० घन सेंटिमीटर, म्हणजे ४३२ लिटर, म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन ४३२ किलो. काच, वाळू आणि स्टँड धरून हे ओझे अर्ध्या टनाच्या वर जाते. ते पेलणारी भक्कम, सपाट जमीन आहे का, हे आधी पाहायला हवे.

तळाशी बारीक, मऊ वाळू घालावी. टोकदार खडी नको, तिने पोट खरचटते. या माशाचे पर दोऱ्यासारखे असतात. त्यांनी तो तळ चाचपतो. २०११ साली शिकागोच्या संशोधकांनी दाखवून दिले, की मागच्या परांवर शरीर उचलून तो तळावरून चक्क 'चालतो'. तो प्रकाश टाळतो, म्हणून मंद उजेड आणि लपायला एखादी रुंद नळी द्यावी. पाण्याचे तापमान २५ ते २८ अंश असावे. आपल्याकडे बहुतेक महिने हे आपोआप साधते. थंडीत हीटर लावलाच, तर त्यावर जाळीचे आवरण हवे, नाहीतर मासा त्याला चिकटून भाजतो.

पेटीत दुसरा मासा ठेवू नये, स्वजातीचा तर मुळीच नाही. याचे दात म्हणजे जबड्यात घट्ट बसलेल्या कठीण पट्ट्या असतात आणि त्या शंख-शिंपले फोडण्यासाठी घडलेल्या आहेत. शेजाऱ्याचे पर, शेपूट आणि पेटी साफ करणाऱ्याचे बोट यांत तो भेद करत नाही. त्यामुळे खाणे लांब चिमट्याने द्यावे. गांडुळे, गोगलगाई, कोळंबी, माशाचे तुकडे हे त्याचे खाणे. प्रौढ माशाला आठवड्यातून दोन-तीनदा पुरते. घास चावायचा, बाहेर काढायचा, पुन्हा आत ओढून चावायचा, ही त्याची जेवणाची रीत पाहण्यासारखी असते.

हवेत श्वास, पण अंग पाण्यात

आता सर्वांत मोठ्या गैरसमजाकडे येऊ. 'हा हवेतून श्वास घेतो, मग पाणी घाण असले म्हणून काय बिघडले?' पुष्कळ बिघडते. पाण्यात असताना हा मासाही इतर माशांप्रमाणे मुख्यतः अमोनिया उत्सर्जित करतो. नदीत किंवा तळ्यात तो पसरून जातो, पण पेटीत साठतो आणि कल्ले व त्वचा यांना इजा करतो. गाळणीच्या स्पंजावर व वाळूवर वाढणारे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. त्यांची वस्ती नीट जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पेटी आधी आणि मासा नंतर. त्यानंतरही दर आठवड्याला पाव पाणी बदलावे लागते. आपल्या पेटीच्या हिशेबात ते झाले १०८ लिटर, म्हणजे सात-आठ बादल्या. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आधी काढून टाकायला विसरू नये.

येथे एक बारकावा आहे. साध्या पेटीत पाणी बिघडले की मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. ती धोक्याची घंटाच असते. फुप्फुसमीन मात्र रोजच वर येतो, त्यामुळे ही घंटा वाजलेली कळतच नाही. अमोनिया मोजण्याचा साधा संच म्हणूनच येथे चैनीचा नसून गरजेचा आहे.

चिखलातील झोप: प्रयोग नको

आफ्रिकी फुप्फुसमिनाची ग्रीष्मनिद्रा पाठ्यपुस्तकातून अनेकांना माहीत असते. पाणी आटू लागले की तो चिखलात बीळ करतो आणि अंगाभोवती श्लेष्म्याचा कोश विणतो. तोंडापाशी हवेसाठी वाट ठेवून तो पाऊस येईपर्यंत महिनोन्‌महिने पडून राहतो. या काळात विषारी अमोनिया वाहून न्यायला पाणी नसते. मग तो काय करतो? अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ होमर स्मिथ यांनी १९३० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून हे उलगडले. तो अमोनियाऐवजी कमी विषारी युरिया बनवतो आणि तो शरीरातच साठवून ठेवतो. अन्न म्हणून तो आपलेच स्नायू वापरतो.

हे वाचून पेटीतले पाणी आटवून पाहण्याचा मोह होईल. तो आवरावा. ही झोप म्हणजे दीर्घ उपासमार असते. पाणी नेहमी उपलब्ध असेल तर तिची या माशाला गरज नसते.

पाळावा का?

शिकागोच्या शेड मत्स्यालयात १९३३ साली आणलेला 'ग्रँडडॅड' नावाचा ऑस्ट्रेलियन फुप्फुसमीन तेथे २०१७ पर्यंत, म्हणजे ८४ वर्षे होता. तेवढ्या काळात शाळेचे किती मुख्याध्यापक बदलतील? आफ्रिकी जातीही वर्षानुवर्षे जगतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी कोण बदलणार, शिक्षकाची बदली झाली तर पुढे काय, याचे उत्तर नसेल तर मासा आणू नये. ऑस्ट्रेलियन जातीचा व्यापार तर आंतरराष्ट्रीय कराराने (साइट्स) नियंत्रित आहे. अशा जातींचे प्राणी बाळगण्यासाठी भारतात २०२२ च्या वन्यजीव दुरुस्ती कायद्यानुसार नोंदणी लागते.

आणि कंटाळा आला म्हणून तलावात सोडून देणे? मुळीच नाही. आफ्रिकेतलाच, हवेत श्वास घेऊ शकणारा 'थाई मांगूर' आपल्याकडे आणला गेला आणि देशी माशांच्या मुळावर उठला. भारत सरकारने २००० साली त्याच्या पैदाशीवर बंदी घातली, तरी तो अजून आपल्या पाण्यांत आहे. कोंदट पाण्यातही तग धरणारा मासा म्हणजे परक्या तळ्यात हटवता न येणारा पाहुणा.

शाळेसाठी याहून सोपा मार्ग आहे. आपल्या ओढ्या-तळ्यांतला मरळ हाही हवेत श्वास घेणारा मासा आहे. त्याला फुप्फुसे नसतात, पण कल्ल्यांच्या वर खास हवाकप्पे असतात. लहान जातीचा एक मरळ, झाकलेली साधी पेटी, एक घड्याळ आणि एक तापमापी एवढे पुरे. दहा मिनिटांत तो किती वेळा वर येतो, हे सकाळी व दुपारी मोजायला सांगा आणि शेजारी पाण्याचे तापमान लिहायला सांगा. ऊन चढल्यावर आकडा वाढतो का? वाढला तर त्याची कारणे किमान दोन आहेत: गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि माशाची गरजही वाढते. यांतले कोणते कारण किती मोठे, हे ओळखण्यासाठी मोजणीत काय बदल करावा लागेल? हा प्रश्न मुलांवर सोपवा आणि त्यांनी सुचवलेले बदल करून पाहा.