पडदा सरकता हवा

स्वर ठरवायचा कोणी, गणिताने की कानाने? ग्रीसमध्ये पायथागोरसपंथी गणिताच्या बाजूने होते, अरिस्टॉक्सेनस कानाच्या. पुढे युरोपने सप्तकाचे बारा समान भाग करून हा वाद मिटवला. तो भाग सर्वांना ठाऊक आहे.

खरा रस आहे तो इराण-बगदादकडे. बगदादच्या जल्जल नावाच्या वादकाने आठव्या शतकात ऊद या तंतुवाद्यावर एक पडदा रूढ केला. त्याचा स्वर कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधोमध पडे. विद्वान अल्-फाराबीने (मृत्यू 950) तो नाकारला नाही, मोजला: गुणोत्तर 27:22. तेराव्या शतकात सफीउद्दीन उर्मवीने सप्तकाचे सतरा स्वर मांडले. आधी वादकाचा हात, मग विद्वानाची मोजपट्टी, हा क्रम मला मोलाचा वाटतो. इराणी सेतारचे पडदे आजही बांधलेले, सरकवता येणारे असतात. आपल्या सतारीचेही तसेच.

हाच क्रम आपल्याकडे कृष्णाजी बल्लाळ देवलांनी पाळला. सांगलीकडचे हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. अब्दुल करीम खाँसाहेबांनी गायचे, देवलांनी दोन तारांच्या वाद्यावर तो स्वर पकडून तारेची लांबी मोजायची. 1910 मध्ये त्यांचे बावीस श्रुतींवरचे इंग्रजी पुस्तक आले. इंग्रज आयसीएस न्यायाधीश क्लेमेंट्स साथीला होते. त्यातून श्रुति-हार्मोनियम घडले. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावर टीकेची झोड उठली. तेव्हापासून काही पंडित देवलांना साहेबी गणिताचे अनुयायी ठरवून मोकळे होतात. हे मला मुळीच मान्य नाही. आकडे त्यांनी ग्रंथातून नव्हे, गळ्यातून काढले. श्रुती बावीसच का, यावर जरूर भांडावे. पण ती पद्धत मोडीत काढू नये.

हाच क्रम आता तंबोरे घडवणाऱ्या मिरजेत जाऊन पाहा. तंबोऱ्याच्या घोडीवर कारागीर कानस फिरवतो, तार छेडतो, पुन्हा घासतो. तारेखाली सूत केसभर सरकवले की जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, खुलते आणि खर्जातून गंधार आपोआप बोलू लागतो. तो 5:4 चा गंधार. पेटीचा गंधार त्याहून सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन स्वरांतील अंतराचा शंभरावा भाग) चढा. आज मुले पेटीवर गळा घडवतात, तंबोरा मोबाइलमध्ये असतो, आणि हा फरक कानावरूनच गेला आहे. गायक अल्लादिया खाँसाहेबांना आश्रय देणाऱ्या कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या मुलखात तरी असे व्हायला नको होते.

शाहू महाराजांचे जन्मघराणे कागलच्या घाटग्यांचे. त्याच कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आज मायक्रॉनचा हिशेब ठेवणारी माणसे काम करतात. त्यांना माझी विनंती आहे: सुटीच्या दिवशी मिरज गाठा. जुन्या कारागिरांच्या हातची घोडी मोजून ठेवा, तिचा नाद ध्वनिमुद्रित करा, आलेख काढा. मात्र आधी कारागिराला विचारा, जवारी लागली का. तो हो म्हणाला की मगच मोजपट्टी लावा.