पिठाचा कोंबडा आणि पडद्यावरची तलवार

उन्हाळ्याच्या सुटीत नातवंडे घरी आली की वाशिम, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा येथील व्यापारी घरांतून एक दृश्य हमखास दिसते. आजोबा वहीखाते आटोपून बसलेले असतात आणि शेजारी नातू मोबाइलवर कोणत्यातरी राक्षसाशी झुंजत असतो. आजी विचारते, “अरे, दिवसभर हे मारणे चालले आहे, याचे पाप लागत नाही का?” नातू हसून उत्तरतो, “आजी, हे खरे थोडेच आहे!” प्रश्न आणि उत्तर दोन्ही विचार करण्याजोगी आहेत.

अशा खेळांची एक मोठी परंपरा जपानमध्ये आहे. युजी होरी यांनी रचलेला ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा खेळ १९८६ साली तेथे आला आणि पुढील असंख्य खेळांना त्याने वळण लावले. त्याचा चौथा भाग ११ फेब्रुवारी १९९० रोजी प्रसिद्ध झाला आणि २०१४ पासून तो मोबाइलवरही आहे. त्यात पाच प्रकरणे असून तिसऱ्याचा नायक राजपुत्र नाही, योद्धाही नाही. तो टोर्नेको नावाचा, दुसऱ्याच्या दुकानात नोकरी करणारा, स्थूल देहाचा संसारी गृहस्थ आहे. जगातील सर्वश्रेष्ठ व्यापारी व्हावे, एवढीच त्याची आकांक्षा.

प्रकरणाचा आरंभ व्यापारी घरांना परका वाटणार नाही. सकाळी पत्नी डबा हाती देते, लहान मुलगा निरोप देतो आणि टोर्नेको दुकानाकडे निघतो. मालकाच्या आज्ञेने तो गल्ल्यामागे उभा राहतो. गिऱ्हाइके येतात, कोणी वस्तू मागतो, कोणी स्वतःची वस्तू विकायला आणतो. दिवस संपला की मालक विक्रीच्या प्रमाणात मोबदला हातावर ठेवतो. खेळणाऱ्याने हवे तितके दिवस हेच करीत राहावे; पैसा सावकाश, परंतु निश्चित साठतो.

ज्याला घाई आहे, त्याने गावाबाहेर पडावे. तेथे श्वापदांशी लढावे लागते. लढाईत हरले की जवळची अर्धी रोकड जाते. जवळच्या गुहेत मात्र एक लोखंडी तिजोरी सापडते. ती बाळगली की पराभवानंतरही पैसा सुरक्षित राहतो. जोखीम, भांडवल आणि ठेवीची सुरक्षितता हे व्यापाराचे तीन धडे मुलाला येथे आपोआप मिळतात.

परंतु एक गोष्ट सहज नजरेआड होते. गल्ल्यावर उभे राहून तलवार न उपसता कमाई होते खरी, पण त्या दुकानात विकला जाणारा माल कोणता? शस्त्रेच. आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त श्रावकाला वर्ज्य अशी पंधरा कर्मादाने सांगितली, त्यांतील विषवाणिज्यात शस्त्रांची विक्रीही येते. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त अनर्थदंडाच्या प्रकारांत शस्त्रादी साधने दुसऱ्यास देणे, म्हणजे हिंसादान, गणले आहे. त्याच यादीत अपध्यानही आहे: दुसऱ्याच्या वधाचे, बंधनाचे चिंतन मनात घोळवीत राहणे. तेथे हात हालत नाही, तरी मन कामाला लागलेले असते.

आजीच्या प्रश्नाचे याहून जुने उत्तर याच जिल्ह्यातील कारंजा येथून प्रकाशात आले आहे. कारंजाच्या जैन शास्त्रभांडारांतील अपभ्रंश हस्तलिखिते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉ. हिरालाल जैन यांनी अभ्यासकांपुढे आणली. पुढे १९३१ साली कारंजाच्या ग्रंथमालेत डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादित केलेले महाकवी पुष्पदंतांचे ‘जसहरचरिउ’ प्रसिद्ध झाले. दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेट राजधानीत रचलेल्या या काव्यात राजा यशोधराची कथा आहे. दुःस्वप्नाच्या शांतीसाठी पशुबळी द्यावा, असा माता चंद्रमतीचा आग्रह. प्राणिवध करणार नाही, हा राजाचा निश्चय. अखेर तडजोड झाली आणि पिठाचा कोंबडा करून देवीपुढे त्याचा बळी देण्यात आला. रक्ताचा एक थेंबही सांडला नाही. तरी त्या संकल्पापायी मायलेकांना मोर, श्वान अशा अनेक तिर्यंच योनींतून दुःख भोगीत फिरावे लागले.

मग पडद्यावरचे श्वापद म्हणजे पिठाचा कोंबडाच नव्हे काय? घाईने होकार देणे योग्य होणार नाही. यशोधराने कोंबडा खरा मानून, फळाच्या आशेने बळी दिला होता. खेळणारे मूल बहुधा कोडे सोडवीत असते; त्याचे लक्ष पुढच्या गावावर असते, मारण्यावर नसते. शास्त्राने हिंसेची कसोटी प्रमादयुक्त भावात पाहिली आहे. म्हणून येथेही पाहायचे ते भावाकडेच. त्याच खेळात ‘लढा’च्या बरोबरीने ‘पळा’ हाही पर्याय असतो. मूल कोणता निवडते, मारताना त्याला रस येतो का, खेळ थांबविल्यावर चिडचिड वाढते का, हे घरातल्या माणसांनाच कळू शकते. मात्र त्यासाठी शेजारी बसावे लागते.

मोबाइल हिसकावून घेतला तर मूल दाराआड खेळेल आणि आजीचा प्रश्न अनुत्तरित राहील. त्यापेक्षा आजोबांनी अर्धा तास नातवासोबत त्या गल्ल्यामागे उभे राहावे. कोणता माल घ्यावा, किती शिल्लक ठेवावी, हे त्याला जरूर सांगावे. मग सहज विचारावे, “हे दुकान आपले असते, तर हा माल आपण ठेवला असता का?” मद्य, मध, लाख, विष यांचा व्यापार नफा दिसत असूनही आपल्या कित्येक पूर्वजांनी का टाळला, हे सांगण्यासाठी याहून चांगली वेळ मिळणार नाही. आणि रात्री झोपताना आजीने पिठाच्या कोंबड्याची गोष्ट सांगावी. “हे खरे थोडेच आहे” असे म्हणणारा नातू ती ऐकून क्षणभर गप्प झाला, तरी त्या सुटीचे सार्थक झाले.