हार्ड डिस्कचे रूळ

गोंदियाहून सातपुडा ओलांडून जबलपूरला जाणारी छोटी गाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना आजचा विषय समजावयास अडचण पडू नये. तिच्या रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटर. आणि मुंबई व कलकत्ता यांना जोडणारा जो लोहमार्ग १८७० साली त्याच जबलपुरात पुरा झाला, त्याचे १,६७६. डबा कितीही मजबूत असो, एका मार्गावरचा दुसऱ्यावर चालत नसे. माल उतरवून पुन्हा भरावा लागे. २०१५ साली जबलपूरकडची ती अरुंद वाट रुंदीकरणासाठी बंद झाली. हार्ड डिस्कच्या ‘फॉर्मॅट’चेही असेच आहे.

फॉर्मॅट म्हणजे डिस्कचे रकाने पाडून, कोणती फाईल कोणत्या रकान्यांत आहे याची नोंदवही ठेवण्याची पद्धत. ही वही संगणकाला वाचता आली, म्हणून खेळाच्या यंत्राला येईलच असे नाही.

प्लेस्टेशन २ हेच उदाहरण घेऊ. २००० साली निघालेल्या या यंत्राचे उत्पादन २०१३ पर्यंत थांबले. आता त्याचे भिंग थकते, तबकड्यांवर ओरखडे पडतात. म्हणून हौशी मंडळी ‘ओपन पीएस२ लोडर’ नावाच्या प्रोग्रामच्या साहाय्याने आपल्या तबकड्यांच्या प्रती हार्ड डिस्कवरून चालवितात. (दुसऱ्याच्या तबकड्यांच्या प्रती काढणे हा निराळा, कायद्याचा विषय.)

डिस्क यूएसबीने जोडावयाची असेल, तर फॅट-३२ ही जुनी व खात्रीची पद्धत. तिच्या वहीत फाईलचा आकार लिहावयास ३२ बिटांचीच जागा आहे. त्यामुळे ४,२९,४९,६७,२९५ बाइटांहून मोठी फाईल तीत मावत नाही. एका थराच्या डीव्हीडीवर मात्र सुमारे ४.७ अब्ज बाइट राहतात. तेव्हा मोठ्या खेळाचे तुकडे करणे भाग पडते. शिवाय प्रत्येक फाईल शक्यतो सलग रकान्यांत असलेली बरी. म्हणून कोऱ्या डिस्कवर खेळ एकामागून एक भरावेत, मधले पुसून तेथे नवे कोंबू नयेत. विंडोजची नेहमीची खिडकी ३२ गिगाबाइटांपुढे फॅट-३२ देत नाही असा अनुभव पुष्कळांना आला असेल. ती मर्यादा खिडकीची, पद्धतीची नव्हे.

२००६ सालच्या एक्सफॅटने आकाराचे बंधन काढले. पण लोडरच्या नव्या आवृत्त्याच ती पद्धत वाचतात. एनटीएफएस बदलांची वेगळी नोंद ठेवते, त्यामुळे वीज अचानक गेली तरी ती सहसा सावरते. दप्तराच्या कामाला ती उत्तम, येथे निरुपयोगी.

पहिल्या, जाडजूड यंत्रात नेटवर्क अडॅप्टर लावून डिस्क आत बसविता येते. माझ्या मते तोच उत्तम मार्ग. कारण या यंत्राची यूएसबी सेकंदाला १२ मेगाबिटांची, आणि तीवरून चित्रफिती अडखळतात. आतल्या डिस्कची मांडणी मात्र यंत्राची स्वतःची असते. संगणकाला ती कोरी भासते, व तो ती नव्याने सिद्ध करण्याची परवानगी मागतो. ती देऊ नये.

आणि घरातली जुनी डिस्क या कामी घ्यावयाची, तर तीत लग्नाची छायाचित्रे किंवा आजोबांचा ध्वनिमुद्रित आवाज नाही ना, हे आधी पाहावे. फॉर्मॅट करताच जुनी वही जाते, आणि वर नवे लिहिले की मजकूरही जातो. असे काही सापडल्यास ते दोन निरनिराळ्या जागी उतरवून, उघडून पाहावे, आणि मगच फॉर्मॅटचे बटण दाबावे.