पोल्डू : अँटेनाला दिशा देणारा कडा

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलच्या लिझर्ड द्वीपकल्पावर अटलांटिककडे तोंड करून असलेला कडा म्हणजे पोल्डू. कॉर्निश भाषेत या नावाचा अर्थ ‘काळा डोह’. समुद्रापार बिनतारी संदेश पाठवण्यासाठी रेडिओचा प्रणेता मार्कोनी याने १९०० साली ही जागा निवडली.

तेव्हा अँटेनाचे पक्के गणित कुणाकडेच नव्हते. तार जितकी उंच आणि तारांचा पसारा जितका मोठा, तितका संदेश दूर जातो, एवढे अनुभवाने कळले होते. म्हणून कड्यावर ६१ मीटर उंचीचे २० खांब वर्तुळात उभारून त्यांवर उलट्या शंकूसारखे तारांचे जाळे बांधले गेले. खांबांचे शेंडे एकमेकांना आडव्या ताणांनी जोडलेले होते. एक पडला तर सगळेच पडतील, असे मार्कोनीचा अभियंता व्हिव्हियन सांगत होता. १७ सप्टेंबर १९०१ च्या वादळात तसेच झाले.

मग घाईने दोन खांब उभारून त्यांच्यामध्ये ५४ तारा पंख्यासारख्या सोडल्या. याच तात्पुरत्या अँटेनाने १२ डिसेंबरला इतिहास घडवला. पोल्डूहून निघालेले मोर्स लिपीतील ‘एस’चे तीन ठिपके अटलांटिकपलीकडच्या न्यूफाउंडलंडमधील सिग्नल हिलवर, पतंगाने उचललेल्या तारेतून मार्कोनीने ऐकले. यंत्रावर नोंद नव्हती, पुरावा फक्त कानांचा. त्यामुळे या दाव्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. पुढे इथे चार लाकडी मनोरे उभे राहिले.

पोल्डूचे त्याहून मोठे काम मात्र १९२३-२४ मधले आहे. लांब लहरींसाठी डोंगराएवढी अँटेना लागे आणि ऊर्जा चहूकडे विखुरली जाई. मार्कोनीचा अभियंता चार्ल्स फ्रँकलिन याने त्याऐवजी लघुलहरी वापरल्या. लहर आखूड असली की तिचा आरसाही आवाक्यात येतो. बॅटरीच्या दिव्यामागची वाटी जसा प्रकाशाचा झोत करते, तसे काम त्याच्या उभ्या तारांच्या अन्वस्ताकार पडद्याने केले. ९७ मीटरची लहर मार्कोनीने ‘एलेट्रा’ या आपल्या जहाजावरून थेट केप व्हर्डेपर्यंत ऐकली, तीही अगदी थोड्या शक्तीवर. ३० मे १९२४ रोजी इथून उच्चारलेले शब्द सिडनीत समजले.

या प्रयोगांतूनच ब्रिटिश साम्राज्याची ‘बीम’ म्हणजे झोताने संदेश पाठवणारी बिनतारी सेवा उभी राहिली. १९२७ मध्ये ती भारतात आली. प्रक्षेपण पुण्याजवळच्या खडकीहून, ग्रहण दौंडला.

पोल्डूचे केंद्र १९३० च्या दशकात बंद झाले. कड्यावर आता ग्रॅनाइटचा स्मारकस्तंभ, जुन्या पायांचे काही अवशेष आणि २००१ मध्ये उघडलेले मार्कोनी केंद्र आहे. हौशी रेडिओचालक तिथून आजही संदेश पाठवतात.