अंदमानचे जलमार्ग आणि एक टाळलेला रस्ता

मराठी माणूस अंदमानला जातो तो बहुधा सेल्युलर जेलचे दर्शन घेण्यासाठी. १९११ साली स्वातंत्र्यवीर सावरकरांना ज्या समुद्रावरून नेण्यात आले, त्या काळ्या पाण्याविषयीचे भय आणि ओढ आपण बालपणापासूनच मनात बाळगून असतो. आम्ही तर इंदूरकर. नर्मदेवरील नावेपलीकडे जलप्रवासाचा अनुभव नाही. त्यामुळे जानेवारीत सौ., चिरंजीव, सूनबाई आणि सहा वर्षांचा नातू यांच्यासह निघताना उत्सुकतेइतकीच धाकधूकही होती.

चेन्नईहून विमानाने दोन-सव्वादोन तासांत पोर्ट ब्लेअर येते. २०२४ पासून या शहराचे नाव श्रीविजयपुरम झाले आहे. तेथील लोकांच्या बोलण्यात मात्र जुने नावही अजून रुळलेले आहे. पहिला धक्का घड्याळाने दिला. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची आणि ही बेटे त्याच्याही दहा अंश पूर्वेला. म्हणजे सूर्य घड्याळाच्या सुमारे चाळीस मिनिटे पुढे. सायंकाळी साडेपाचच्या सुमारास दिवस मावळू लागतो. दुपारी निवांत वामकुक्षी घेऊन चार वाजता फिरावयास निघणाऱ्यांच्या हाती येथे फारसे काही लागत नाही. पहाटे उठावे, हे उत्तम.

या द्वीपसमूहात लहानमोठी आठशेंहून अधिक बेटे व खडक आहेत. मनुष्यवस्ती मात्र तीसेक बेटांवरच. प्रवाशाला मुख्यतः स्वराजद्वीप आणि शहीदद्वीप, म्हणजे २०१८ पूर्वीची हॅवलॉक आणि नील, येथे जावयाचे असते. खासगी वातानुकूलित बोटी दीड-दोन तासांत स्वराजद्वीपला पोहोचवितात; सरकारी बोटींना काहीसा अधिक वेळ लागतो, पण भाडे कमी. प्रवासात उलटीचा त्रास होणाऱ्यांनी प्रोमेथाझिनची गोळी तासभर आधी घ्यावी, बोटीच्या मध्यभागी बसावे आणि नजर क्षितिजावर ठेवावी. आमच्या सौभाग्यवतींनी गोळी नाकारली आणि अर्ध्या वाटेवर माझ्या वैद्यकीय ज्ञानाला प्रथमच मान्यता दिली!

स्वराजद्वीपच्या धक्क्यापासून राधानगरचा विख्यात किनारा सुमारे बारा किलोमीटर. रिक्षा मिळते, भाड्याची स्कूटरही मिळते. शहीदद्वीप त्याहून लहान आणि बरेचसे सपाट. तेथे सायकलही पुरते.

परतीच्या प्रवासात आम्ही मुद्दाम सरकारी बोट घेतली. शेजारी एक गर्भवती स्त्री आणि तिची सासू बसली होती. हातात तपासणीचे कागद, पायाशी कपड्यांची पिशवी. सोनोग्राफीसाठी शहरात निघाल्या होत्या. आपल्यासाठी जी सहल, तोच त्यांचा दवाखान्याचा रस्ता, हे तेव्हा उमगले. गंभीर रुग्णासाठी हेलिकॉप्टर येते. परंतु समुद्र खवळला, हवामान बिघडले, तर दोन्ही मार्ग थांबतात. बोट रद्द झाली म्हणून खिडकीवर त्रागा करणाऱ्या पर्यटकाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी आणि विमानाच्या आदल्या दिवशी मुख्य शहरात मुक्कामाला असावे.

आता ज्या रस्त्यासाठी हा लेख लिहावयास घेतला, त्याविषयी.

चौथ्या दिवशी बाराटांगची चुनखडीची गुहा पाहण्याचे ठरले होते. पहाटे चारच्या आत निघून जिरकाटांगच्या नाक्यावर पोहोचावयाचे; तेथून ठरलेल्या वेळी पोलिसांच्या सोबतीने गाड्यांचा ताफा सुटतो. पुढचा सुमारे पन्नास किलोमीटरचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव अरण्यातून जातो. थांबावयाचे नाही, छायाचित्र काढावयाचे नाही, खाऊ द्यावयाचा नाही, असे कडक नियम आहेत. आदल्या रात्री नातवाला ताप भरला. नाक वाहत होते, घसा लाल होता. साधाच विषाणुजन्य ताप, पॅरासिटामॉलने उतरलाही.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, गाडीच्या काचा बंदच असतात. त्याला मांडीवर झोपवून नेऊ. पुन्हा कधी येणार आपण?"

त्यांचे म्हणणे अशास्त्रीय नव्हते. बंद काचेआडच्या तापाने कुणाला काय होणार? परंतु मिडल स्ट्रेटला गाडीतून उतरावे लागणार होते. सारे प्रवासी तेथे धक्क्यावर बोटीची वाट पाहत उभे राहतात आणि पाठीशी तेच अरण्य असते. २०११ च्या जनगणनेत जारवांची संख्या अवघी ३८० होती. मी म्हणालो, "तुम्ही जा. मी आणि हा येथेच राहू." थोडी कुरबुर झाली, नातू रडला, पण आम्ही राहिलो.

दुपारी त्याला बरे वाटल्यावर मी त्याला घेऊन सेल्युलर जेलच्या बाजूस रिक्षाने चक्कर मारली. तुरुंगाच्या सात भुजांपैकी आज तीनच उरल्या आहेत आणि त्याच आवारात १९६३ पासून गोविंद वल्लभ पंत रुग्णालय उभे आहे. १९९६ साली पाय मोडलेला एन्मेई नावाचा एक जारवा मुलगा याच रुग्णालयात आणला गेला. काही महिने उपचार घेऊन तो अरण्यात परतला आणि १९९७ च्या अखेरीस आपल्या बांधवांसह वस्तीजवळ निःशस्त्र येऊ लागला. शतकभराचे वैर एका प्लास्टरने निवळले. पण १९९९ साली जारवांमध्ये गोवराची साथ पसरली. तेव्हा कदमतला येथील सरकारी डॉक्टर रतनचंद्र कर यांनी त्यांच्यात मिसळून, त्यांचा विश्वास मिळवून उपचार केले. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या व्यवसायबंधूंना आनंद झाला असेलच.

उपचार आणि संसर्ग दोन्ही एकाच वाटेने आले, हे यातले कटू सत्य. ग्रेट अंदमानी जमातीचा इतिहास तर याहून दारुण. १८५८ मध्ये इंग्रजांची वसाहत झाली तेव्हा ते काही हजार होते. १८७७ चा गोवर आणि इतर आयात रोगांनी ते असे झडले की १९६१ च्या जनगणनेत केवळ १९ उरले. राखीव क्षेत्रातून जाणारा हा रस्ता बंद करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला होता. तरीही वाहतूक चालूच राहिली. रस्त्याच्या पलीकडच्या गावांनाही रुग्णालय हवे, बाजार हवा, हेही खरे. प्रश्न सोपा नाही. मात्र त्या गावकऱ्याची निकड आणि माझी हौस एका तराजूत घालता येत नाही.

रात्री मंडळी परतली. गुहा सुंदर होती, खारफुटीतून बोटीने जाणे त्याहून सुंदर, असे सूनबाईंनी सांगितले. चिरंजीव मात्र गप्प होते. जेवताना म्हणाले, "पुढच्या गाडीतून कुणीतरी बिस्किटांचा पुडा बाहेर टाकला. रस्त्याकडेला एक बाई मूल घेऊन उभी होती. मी मान खाली घातली, बाबा."

मी काही बोललो नाही. त्यांच्या पानात भात वाढला.

आपल्यापैकी अनेक जण अंदमानला जातील, अवश्य जावे. कोठडीपुढे नतमस्तक व्हावे, समुद्रात मनसोक्त डुंबावे, गोळ्या बरोबर घ्याव्यात. बाराटांगला जावयाचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. माझे विचाराल तर पुढच्या खेपेसही मी जाणार नाही. घरात कुणी आजारी असो वा नसो. आपण डॉक्टर मंडळी रुग्णाच्या खोलीबाहेर 'भेटावयास येऊ नये' अशी पाटी लावतो, तेव्हा ती नातलगांवरील रागाने लावीत नाही. त्या अरण्याच्या वेशीवर मला तीच पाटी दिसते.