उतारवयातला धुमसता विस्तव

पायात बाभळीचा काटा मोडला की काय होते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. ही शरीराची राखणच असते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तेथे धावून जातात आणि रासायनिक निरोप सोडून आणखी कुमक मागवतात. काटा निघाला, जखम भरली, की निरोप थांबतात आणि सूज ओसरते.

वय वाढते तसा मात्र हा दाह पुरता विझत नाही. राखेखालच्या विस्तवासारखा तो आतल्या आत धुमसत राहतो. इटलीतील शास्त्रज्ञ क्लॉदिओ फ्रान्चेस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली या स्थितीला खास नाव दिले. इंटरल्यूकिन-६ सारखे निरोप उतारवयात रक्तात वाढलेले आढळतात. जीर्ण झालेल्या पेशी ते सोडतात, तशी पोटातली चरबीही सोडते. हृदयविकार, मधुमेह आणि हाडांची झीज यांना त्याचा हातभार लागतो.

हार्मोनचा लगाम

या विस्तवाला काही हार्मोन आवर घालतात. स्त्रियांची पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटते आणि हाडे झिजवणाऱ्या पेशींना मोकळे रान मिळते. म्हणूनच घरातली आजी अंगणात साधी घसरली, तरी तिचा खुबा मोडू शकतो.

दुसरे हार्मोन कॉर्टिसॉल. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी ते तयार करतात. याच जातीचे कॉर्टिझोन अमेरिकेत डॉ. फिलिप हेन्च यांनी १९४८ साली संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला दिले. काही दिवसांतच ती चालू लागली! १९५० साली हेन्च, केंडॉल व राइकस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे या औषधाचे दुष्परिणामही दिसून आले.

पुडीपासून सावध

गुडघेदुखीवर ‘हमखास गुण’ देणाऱ्या बिननावाच्या पुड्या बाजारात मिळतात. त्यांतल्या काहींत स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे. दोन दिवसांत आराम पडतो, पण पुडी महिनोन्‌महिने चालली तर हाडे ठिसूळ होतात, रक्तातली साखर वाढते आणि जंतूंचा संसर्ग लवकर होतो. शिवाय बाहेरून आयते मिळू लागल्याने शरीरातल्या ग्रंथी आपले काम सोडतात. अशा वेळी पुडी एकाएकी बंद केली, तर रक्तदाब उतरून जिवावर बेतू शकते. म्हणून घरात कोणी अशी पुडी घेत असेल, तर ती सोबत घेऊन लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. डॉक्टरांनी स्वतः दिलेले स्टिरॉइडही आपल्या मनाने बंद करू नका.

एवढे अवश्य करा

शेतातले काम मुलांनी हाती घेतले, तरी रोज चाला. पोट सुटू देऊ नका. विडी-तंबाखू सोडा. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दात दाखवा, कारण तिथला दाहही वर्षानुवर्षे चालतो. जेवणात डाळ, पालेभाजी, नाचणी, तीळ असू द्या. म्हातारपण कोणाला चुकत नाही. पण विस्तवावर काटक्या टाकायच्या की नाहीत, हे बरेचसे आपल्या हाती आहे.