मुरूम आणि फेसवॉशची निवड

लग्नसराई जवळ आली की फलटणच्या आमच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टर, मुरमांवर चांगलं फेसवॉश कोणतं?" सर्वांना चालेल असे एकच नाव सांगता येत नाही, पण वेष्टनावरचा मजकूर नीट वाचला, तर निवड सोपी होते.

वयात येताना संप्रेरकांमुळे त्वचेतील तैलग्रंथी जास्त तेल तयार करू लागतात. तेल व मृत पेशींमुळे रंध्राचे तोंड बंद होते, आत जंतू वाढतात आणि सूज येऊन पुटकुळी उठते. म्हणजेच मुरूम हे अस्वच्छतेचे लक्षण नव्हे. त्यामुळे दहा वेळा तोंड धुऊन ते जात नाहीत. उलट त्वचा कोरडी पडून चुरचुरते. अंगाच्या साबणाचा सामू बहुधा ९ ते १० असतो, त्वचेचा ५ च्या आसपास. म्हणून चेहऱ्याला सौम्य फेसवॉश बरे.

त्वचा तेलकट व काळे ठिपके असतील, तर १ ते २ टक्के सॅलिसिलिक ॲसिड असलेले घ्यावे. लाल, पू असलेल्या पुटकुळ्यांवर बेंझॉइल पेरॉक्साइड उपयोगी पडते; मात्र ते डॉक्टरांना विचारून, कमी प्रमाणापासून सुरू करावे. त्याने टॉवेल, उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो. कोरड्या त्वचेला बिनवासाचे, साधे फेसवॉश पुरे. खरखरीत स्क्रब, लिंबू, टूथपेस्ट टाळावे.

सकाळ-संध्याकाळ आणि शेतातून किंवा एसटीच्या प्रवासातून घामाघूम होऊन आल्यावर बोटांनी हलकेच धुवावे व चेहरा टिपून घ्यावा. गुण यायला ६ ते ८ आठवडे लागतात.

खरा धोका फेसवॉशचा नाही, 'गोरे करणाऱ्या' मलमांचा आहे. त्यांपैकी काहींत बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांसारखी स्टिरॉइड्स असतात. आठवडाभर चेहरा उजळतो. पुढे त्वचा पातळ व लाल होते, लव वाढते आणि मुरूम दुपटीने उठतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. तेव्हा मैत्रिणीची ट्यूब आपल्या चेहऱ्याला लावू नका. आधीपासून लावत असाल, तर डॉक्टरांना दाखवूनच थांबवा.

दुखणाऱ्या गाठी, खड्डे किंवा मुलींमध्ये मुरमांबरोबर पाळीची अनियमितता असेल, तर फेसवॉश बदलत बसू नये. खड्डे पडल्यावर ते भरून काढणे फार अवघड असते. मुरमांवर वेळीच उपचार करणे त्या मानाने सोपे.